ठेसनावरची विहीर

आमच्या गावात आजही कुणी 'दहाच्या गाडीला ये' म्हणालं, की सकाळी दहाला यायचं असतं. गाडी नाही. अरुंद रुळावरची ती छोटी गाडी बार्शीकडून यायची आणि लातूरकडं जायची, ती बंद पडून वर्षं लोटली. रूळ उपटून नेले, त्या जागी वेड्या बाभळी माजल्या, पण गावाचं घड्याळ काही कुणाला उपटता आलं नाही. लग्नपत्रिकेत मुहूर्त काहीही छापा, मंडप भरतो तो पाचच्या गाडीलाच. बाहेरून आलेल्या माणसाला याचं हसू येतं. येऊ द्या, आम्ही कुणाला हसू नका म्हणायला जात नाही.

हे गाव रेल्वेनं वसवलं. त्याआधी इथं नुसता माळ होता, उन्हाळ्यात धनगरसुद्धा मेंढरं घेऊन थांबत नसत. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून आधी विहीर खणली, मग ठेसन बांधलं, मग ठेसनाला धरून गाव झालं. म्हणजे आमच्याकडं गावाआधी विहीर आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं एका साहेबानं माझ्या तोंडावर मला सांगितलं की विहीर ही गावाची अडचण आहे.

मग माणसं आली. आडत दुकानवाले आले, ते घरात कानडी बोलत, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईकाशी वाजलं की दोन्ही. लोकरीची गाठोडी गाडीत चढवायला धनगर आले आणि इथंच राहिले. हमाल आले, रुळांची डागडुजी करणारे गँगमन आले. माझे वडील गँगमन होते. सगळीच माणसं कुठून कुठून आलेली, कुणाच्याच पणज्याची हाडं इथं पुरलेली नाहीत. तरी वरची आळी आणि खालची आळी एवढी मात्र सगळ्यांनी येताना न विसरता बांधून आणली होती. आम्ही खालच्या अंगाला. वरच्या आळीत आमच्या हातचं पाणी चालत नसे. आमची जात मी इथं लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे, लिहायची नाही म्हणून.

मी सहा वर्षांची असताना वडील ऊन लागून गेले. चैत्र संपत आलेला, गावापासून लांब रुळाखाली गिट्टी ठोकत होते. सोबतचे सांगत होते की शेवटी ते पाणी पाणी करत होते आणि घागर सकाळीच फुटली होती. माझ्या मायनं हे ऐकून घेतलं आणि तेराव्यापर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. बोलली ती थेट ठेसनमास्तरांशी. उन्हाळ्याचे चार महिने प्रत्येक ठेसनावर प्रवाशांना पाणी पाजायला एक माणूस ठेवत, त्याला पाणीवाला म्हणत. आमच्याकडचा म्हातारा थकला होता. माय म्हणाली, त्याच्या जागी मला घ्या.

मास्तर कुठले तरी लांबचे होते, स्वभावानं तिरसट, पण माणूस सरळ. त्यांनी घेतलं. लगेच वरच्या आळीतले चार-पाच जण धोतराचे सोगे सावरत ठेसनावर हजर झाले. हिच्या हातचं पाणी लोकांनी प्यायचं का, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. त्यांनी फलाटाच्या कडेला आखलेली पांढरी रेघ दाखवली आणि म्हणाले की ह्या रेघेपलीकडं तुमचं गाव, अलीकडं ठेसन, आणि ठेसनावर गावाचा कायदा चालत नाही. मंडळी फणफणत गेली.

मायचं काम असं होतं. पहाटे उठून पोहऱ्यानं विहिरीचं पाणी शेंदायचं, लिंबाखालचे दोन रांजण भरायचे, आणि गाडी आली की कळशी कमरेवर घेऊन खिडकी खिडकीशी जायचं. हातात लांब दांड्याचं पितळी वगराळं. खिडकीतून ओंजळ बाहेर यायची, माय तिच्यात वगराळ्यानं धार धरायची. इंजिन पाणी घेईपर्यंत गाडी थांबायची, त्यामुळं घाई नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या पदराला धरून मागं मागं फिरायची. मला ती खिडकीतली माणसं बघायला लई आवडायचं.

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. खिडकीत एक पांढराशुभ्र पटका होता, मांडीवर चार वर्षांचं पोर. ओठ सुकलेले, ओंजळ बाहेर आली. माय धार धरणार, तेवढ्यात त्यानं हात मागं घेतले आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

हा प्रश्न आपल्याकडं नाव विचारायला विचारत नसतात, हे सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. मी मायच्या पदराआड झाले. माय म्हणाली, "ठेसनाची."

त्यानं पुन्हा विचारलं. माय म्हणाली, "ठेसनाची म्हनलं न्हवं? पानी पायजे का नगं, तेवढं सांगा. गाडी सुटंल."

तोवर पोरानं खिडकीतून मान बाहेर काढून वगराळ्यालाच तोंड लावलं होतं. घटाघटा प्यायलं. पटकेवाल्यानं एकदा पोराकडं बघितलं, एकदा आजूबाजूला बघितलं, आणि मग मुकाट्यानं ओंजळ पुढं केली. मायनं त्याला पोटभर पाजलं आणि पुढच्या खिडकीशी गेली. मला वाटलं होतं ती त्याला चांगलं सुनावेल. मी असते तर सुनावलं असतं, पण मी मी आहे आणि ती ती होती.

पुढं तिचं पाणी ठेसनापुरतं राहिलंच नाही. गाडीतून उतरणारा माणूस आधी लिंबाखाली ओंजळभर पाणी प्यायचा आणि मग गावात पाऊल टाकायचा, असं हळूहळू होऊन बसलं. कुणी ठरवलं नाही, कुणी दवंडी दिली नाही. नवी नवरीसुद्धा! वरच्या आळीतल्या सासवा आधी नाकं मुरडायच्या. पण पोरगी पहाटेपासून शालूत घामाघूम झालेली, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागलेले, ती कशाला सासूकडं बघते? प्यायची. आणि एकदा नवरी प्यायली की सासू काय करणार, परत पाठवणार तिला? दहा-बारा वर्षांत वरच्या आळीत अशी एक नवी सून उरली नाही, जिचा ह्या गावातला पहिला घोट माझ्या मायच्या हातचा नव्हता. मग नियमच झाला. आणि त्याच्या जोडीनं दुसरा नियम झाला, की प्यायलो त्या विहिरीत खडासुद्धा टाकायचा नाही. लहानपणी गंमत म्हणून दगड टाकणाऱ्या पोराला कुणीही धरून फटकावायचं, त्याची आईसुद्धा तक्रार घेऊन यायची नाही.

वाफेचं इंजिन गेलं, डिझेलचं आलं, त्याला विहिरीची गरज नव्हती. पाणीवाल्याची जागाही गेली. माय मात्र जातच राहिली. तोवर मी शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. मी तिला म्हणाले की आता पुरे, तुला कुणी नेमलेलं नाही, आपल्याला कमी काय आहे? तिनं मला असं झापलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. नेमणूक रेल्वेची होती, तहान काय रेल्वेची व्हती व्हय, असं म्हणाली आणि पोहरा घेऊन चालू लागली.

मग मोठी लाइन आली. नवं ठेसन टेकाडापलीकडं, दोन किलोमीटरवर झालं. मोठी गाडी पहिल्यांदा यायची त्या दिवशी आमच्या गावानं जे केलं ते दुसरं कुठलंच गाव करणार नाही. हलगी, लेझीम, हार, पेढ्यांची परात, सगळं घेऊन अख्खं गाव जुन्या ठेसनावर जाऊन उभं राहिलं. महिनाभर आधीपासून सगळ्यांना माहीत होतं की नवं ठेसन तिकडं आहे. कित्येकांनी तिथं बांधकामाला जाऊन रोजगार केला होता. पण गाडी यायची म्हटल्यावर पाय दुसरीकडं वळलेच नाहीत. उपटलेल्या रुळांच्या जागेकडं तोंड करून हलगी वाजत होती. मोठ्या गाडीची शिट्टी टेकाडापलीकडून आली, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग जी पळापळ झाली! पेढे सांडले, एक पुढारी चपला सोडून पळाला. पोचेपर्यंत गाडी निघूनही गेली होती.

माय तेवढी लिंबाखालून हलली नाही. मी तिला चल म्हणाले तर म्हणाली, ज्याला तहान लागंल त्यो यील. आणि आलेच की! सकाळ-संध्याकाळची पॅसेंजर थांबते, नव्या ठेसनावरच्या बोअरचं पाणी मचूळ. गावाकडं यायची पायवाट जुन्या ठेसनावरूनच जाते. माणसं वाट वाकडी न करता विहिरीवर यायची, पाणी प्यायची. खाली मुंडी घालून चालणारं कॉलेजचं पोरगंसुद्धा तिथं आलं की थांबायचं.

आता त्या साहेबाकडं येते. काही वर्षांपूर्वी जुन्या ठेसनाच्या जागेवर वारसा उद्यान करायचं ठरलं. जुन्या इमारतीला रंग, सिमेंटचं खोटं इंजिन, कारंजं, बसायला बाकडी. ऐकून मीसुद्धा खूश झाले होते. मग नकाशा बघितला. त्यात विहीर नव्हती. विहिरीच्या जागी कारंजं होतं. विचारलं तर कळलं, विहीर धोकादायक आहे, मुरूम टाकून बुजवायची आहे. ज्या माळावर पाण्यासाठी माणूस मेला, तिथं गोड्या पाण्याची विहीर बुजवून टँकरच्या पाण्यावर कारंजं उडवायचं! अक्कल गहाण टाकली होती का, असं मी सभेत उभं राहून विचारलं. शिक्षक माणसाला हे शोभत नाही, असं मला नंतर सांगण्यात आलं. मी शाळेत असते तेव्हा शिक्षक असते, सभेत मी गावची असते.

मी अर्ज केले, एक नाही तीन. तिन्हींना एकच उत्तर आलं, की आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे. कुठं पाठवला ते काही कळलं नाही. उलट उद्यानाच्या कमिटीतला एक जण घरी आला आणि म्हणाला की उद्घाटनाला आजींचा सत्कार करू, जुन्या काळच्या पाणीवाली म्हणून शाल-श्रीफळ देऊ. मायनं त्याला आधी पाणी दिलं. तो प्यायल्यावर म्हणाली, "शाल नगं. हीर ऱ्हाऊ द्या." तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गमतीत बोलतेय. पण मी तिला ओळखत होते. त्या दिवसापासून तिचं जेवण अर्ध्यावर आलं. ऐंशी पार केलेली बाई, तिचं नवऱ्यामागं जे काही होतं ते त्या विहिरीत होतं, आणि विहीर गेली की ही पण जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मला रात्रंदिवस तीच भीती.

वैशाखात एका सकाळी मुरमाचे दोन टिपर आले. मी शाळेच्या सुट्टीत घरीच होते. पंधरा-वीस बायका गोळा केल्या, त्यात खालच्या आळीतल्या होत्या आणि वरच्या आळीतल्या त्या सुनाही होत्या, आता त्यांच्याच सुना आलेल्या. आम्ही विहिरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिलो. टिपरसोबत एक तरुण इंजिनियर साहेब होता, टोपी घातलेला, हातात पाण्याची बाटली. मी त्याला जे काही सुनावायचं ते सुनावलं. तो शांतपणे ऐकत होता, हातातल्या कागदाकडं बघत होता. मग म्हणाला की विहीर गावाची अडचण आहे, उद्या पोर पडलं तर जबाबदार कोण? आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या संघटनेच्या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेसनाची."

त्याला काही कळलं नाही. मागं उभ्या असलेल्या बायकांना कळलं. वरच्या आळीतली एक म्हातारी, जी नवरी म्हणून उतरली तेव्हा चक्कर येऊन लिंबाखाली बसली होती, ती पुढं आली आणि म्हणाली, मी बी ठेसनाचीच.

एवढ्यात माय काठी टेकत आली. सोबत दोर, पोहरा, वगराळं. भांडणाकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. दोघींना पाणी शेंदायला लावलं आणि सरळ पहिल्या टिपरपाशी गेली. ड्रायव्हर बेंबळीकडचा होता, केबिनमध्ये घामानं निथळत बसलेला. उतर लेकरा, पानी पी, म्हणाली. तो उतरला. दुसऱ्या टिपरवाला उतरला, दोघांचे क्लीनर उतरले. चौघांनी ओंजळी धरल्या आणि पोटभर प्यायले. पहिल्यानं तोंड पुसत विचारलं की आजी, लई गोड पानी हाय, कुठल्या हिरीचं? मायनं हातानं दाखवलं.

त्यानं विहिरीकडं बघितलं, मग आपल्या भरलेल्या टिपरकडं बघितलं. बराच वेळ डोक्यावरचा रुमाल सोडत बांधत राहिला. मग साहेबाकडं जाऊन म्हणाला, "साहेब, आता माझ्यानं ह्यात मुरूम पडायचा न्हाय. दुसरा माणूस बघा." आणि टिपर वळवून मुरूम कडेच्या खड्ड्यात ओतून निघून गेला. दुसराही गेला.

आम्ही बायकांनी काय आरडाओरडा केला म्हणता! साहेब मात्र जागचा हलला नाही. लिंबाखाली उभा राहून दुसऱ्या गाड्यांसाठी फोन लावत राहिला. कुणी उचलेना, कुणी उद्या म्हणे. बारा वाजले. ऊन मी म्हणत होतं. त्याची बाटली केव्हाच संपली होती, टोपीखाली तोंड लालबुंद झालं होतं. शेवटी तो आमच्याकडं आला, कुणाकडंही न बघता ओंजळ पुढं केली.

वगराळं माझ्या हातात होतं. मी ते मागं घेतलं. म्हणाले, "आधी शब्द द्या, विहीर बुजवणार नाही म्हणून. मग पाणी."

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. त्याची ओंजळ तशीच रिकामी राहिली होती. तेवढ्यात मायनं माझ्या हातातलं वगराळं हिसकावून घेतलं. आयुष्यात तिनं माझ्यावर हात उगारला नव्हता, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत जे बघितलं ते फटक्यापेक्षा वाईट होतं. म्हणाली, "सरक. तुझा बाप पानी मागत मेला. त्यानं कुनाला सबूद द्यायचा ऱ्हायला व्हता का?"

आणि तिनं धार धरली. साहेब तीन ओंजळी प्यायला. त्याला तिनं ना नाव विचारलं ना गाव. चौथी ओंजळ त्यानं तोंडावर मारली, रुमालानं पुसलं, आणि कागद घडी करून जीपमध्ये जाऊन बसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी मायशी दोन दिवस बोलले नाही. हातातली गोष्ट हिनं घालवली, असंच मला वाटत होतं. लाजही वाटत होती, पण ती कबूल करायला मला पुढं वर्ष लागलं.

आठ दिवस आम्ही पाळ्या लावून विहिरीवर बसलो. टिपर आला नाही. नवव्या दिवशी वेल्डिंगवाला आला, लोखंडाची जाळी घेऊन. जाळी बसवली, आणि मधोमध पोहरा जाईल एवढं झाकण ठेवलं, बिजागरीचं. मी त्याला विचारलं की झाकण ठेवायला कुणी सांगितलं? साहेबांनी, म्हणाला, माप घेऊन सांगितलं. कारंजं बाजूला सरकलं. टँकरच येत नाही म्हणून ते अजून कोरडंच आहे, त्यात पोरं क्रिकेटचा चेंडू शोधतात.

माय त्यानंतर दोन उन्हाळे पाणी पाजत होती, खुर्चीवर बसून. मग एका हिवाळ्यात गेली. अंगणातल्या बाजेवर, शेवटचा घोट माझ्या हातचा.

उद्यानात एक मोठा फलक आहे. रूळ किती रुंद होते, इंजिन कुठून आणलं, ठेसन कुणी बांधलं, सगळं आहे. पाणी कुणी पाजलं ते नाही. जाऊ दे. गेल्या महिन्यात नळदुर्गची एक नवरी आमच्या गावात आली, फुलांनी सजवलेल्या मोटारीतून. आतला एसी चालू. तरी मोटार विहिरीपाशी थांबली, नवरी उतरली, शालू आवरत ओंजळ धरली. पाणी मी पाजलं. तिच्यासोबतच्या एका मामानं हळूच शेजारच्याला विचारलं की ह्या बाई कोणाच्या? शेजारचा गावचाच होता. काय सांगायचं ते त्याला माहीत होतं.

म्हणून मी जात लिहिली नाही. एवढं वाचूनही जर तुमच्या मनात ते विचारायचं राहिलं असेल, तर तुम्हीही कधी या आमच्याकडं. पाणी मिळेल, उत्तर मिळणार नाही.

माय गेल्यावर मी विहिरीच्या कठड्यावर निळ्या तेलरंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी प्या. कोणाचे ते कुणी विचारणार नाही.' उद्यानाचं विद्रूपीकरण म्हणून कमिटीवाल्यांनी त्यावर चुना फासला. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा फासला. असं तीनदा झालं आहे. काल सकाळी, दहाच्या गाडीला, मी चौथ्यांदा लिहून आले. रंगाचा डबा अजून अर्धा भरलेला आहे.